शिकागोत शिकायला आलात? पहिल्या काही महिन्यांतली कामं या क्रमाने उरका

दर ऑगस्टला शिकागोत आपल्याकडची नवी मुलं-मुली येतात आणि दरवर्षी त्याच चार-पाच कामांत अडकतात. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, पगार आणि करासाठीचा सरकारी क्रमांक) नाही म्हणून बँकेत जायचं थांबतात. बँकेत खातं नाही म्हणून भाडं कसं भरायचं ते कळत नाही. पत्ता पक्का नाही म्हणून बाकीची कागदपत्रं रखडतात. खरं तर यातलं एकही काम अवघड नाही. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर अवलंबून आहे आणि क्रम चुकला की सगळंच अडून बसतं, एवढंच.

हा लेख एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी आहे. शंका आली की विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि डीएसओंना (व्हिसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना) विचारा. सीनियर कितीही प्रेमळ असला तरी त्याची माहिती त्याच्या वर्षाची असते. तुमचं रेकॉर्ड डीएसओंच्या समोर उघडलेलं असतं.

## टप्पा १ : निघण्याआधी, घरी बसून

नाव. मराठी मुलांची ही नेहमीची अडचण. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात आणि ‘सरनेम’मध्ये आडनाव. इथल्या अर्जांत फर्स्ट, मिडल आणि लास्ट असे तीन रकाने असतात. मग बँकेत वडिलांचं नाव मिडलमध्ये जातं, विद्यापीठात फर्स्टमध्ये जातं आणि घराच्या करारात गळून पडतं. पुढे कुठेतरी दोन कागद जुळत नाहीत आणि काम अडतं. एकदाच ठरवा : गिव्हन नेममध्ये जे आहे ते सगळं फर्स्टमध्ये, पासपोर्टवर आहे तसंच. मिडल रिकामं. सगळीकडे हेच.

लसींचा दाखला. इलिनॉय राज्यात कॉलेज विद्यार्थ्यांना लसीकरणाचा पुरावा द्यावाच लागतो. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस, धनुर्वात-घटसर्पाचे तीन (त्यातला एक टीडॅप, म्हणजे डांग्या खोकल्यासकटचा) आणि वय २२च्या आत असेल तर मेनिंजायटिसची लस. लहानपणीचं पिवळं कार्ड सापडत नसेल तर डोस परत घेऊन डॉक्टरांच्या शिक्क्यासह इंग्रजी दाखला घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दाखला नसेल तर पुढच्या सत्राची नोंदणी अडकते.

क्षयरोगाची तपासणी मागितली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी करून घ्या. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

भारतातला मोबाइल नंबर. बँकेचे सगळे ओटीपी याच नंबरवर येणार. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या. नंबर बंद पडणार नाही एवढा रिचार्ज करा आणि पुढचा रिचार्ज कधी करायचा ते आई-बाबांनाही लिहून द्या. आपण परदेशात आणि सिम बंद, अशा वेळी शैक्षणिक कर्जाचा हप्ता विद्यापीठाकडे वळवायला एक साधा ओटीपीही मिळत नाही.

सामान. कढीपत्ता आणू नका, वाळवलेलाही नाही. भारतातून तांदूळ आणायलाही बंदी आहे. मसाले, पापड, चिवडा असं जे काही असेल ते कस्टम्सच्या प्रश्नाला ‘हो, खाण्याचे पदार्थ आहेत’ असं सरळ सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो.

> सावधान : आय-२० (विद्यापीठाने दिलेला, व्हिसासाठीचा प्रवेशाचा दाखला), आर्थिक कागदपत्रं, लसींचा दाखला आणि प्रवेशपत्र हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. आय-२०वरच्या अभ्यासक्रमाच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा जास्त लवकर देशात प्रवेश मिळत नाही, तिकीट काढताना हे मोजा.

## टप्पा २ : उतरल्यावर पहिले दोन दिवस

ओ’हेअर विमानतळावरून शहरात यायला ब्लू लाइन आहे आणि ती रात्रभर चालते. दोन मोठ्या बॅगा आणि वीस तासांचा प्रवास झालेला असताना मात्र गाडी करा. इथे पैसे वाचवायची ही वेळ नाही.

पोचलात, झोपलात, उठलात की पहिलं काम आय-९४, म्हणजे देशात प्रवेश केल्याची सरकारी नोंद. कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकला की तुमच्या प्रवेशाची नोंद दिसते आणि त्यासाठी काहीही पैसे लागत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. नोंदीत तीन गोष्टी बघा : नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, वर्ग एफ-१ आहे का आणि मुक्कामाच्या मुदतीपुढे काय लिहिलं आहे. विद्यार्थ्यांना आजवर तिथे ‘डी/एस’ (ड्युरेशन ऑफ स्टेटस, म्हणजे विद्यार्थी दर्जा असेपर्यंत) लिहून मिळत आलं आहे. तारीख दिसली किंवा वर्ग बी-२ (पर्यटक) वगैरे लागला असेल तर त्याच दिवशी डीएसओंना दाखवा. ही चूक पहिल्या आठवड्यात दुरुस्त करणं सोपं असतं, दोन वर्षांनी तीच डोकेदुखी होते.

आय-९४च्या दोन प्रती छापा. एक फाइलमध्ये, एक पाकिटात. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने ही नोंद जवळ बाळगावी असा इथला कायदा आहे.

नंतर फोन. प्रीपेड प्लॅन घ्या, त्याला एसएसएनही लागत नाही आणि क्रेडिटची तपासणीही होत नाही. हप्त्यावर नवा फोन देण्याच्या आमिषाने दोन वर्षांचा करार आत्ता करू नका.

## टप्पा ३ : पहिला आठवडा, विद्यापीठ

विद्यापीठाच्या पोर्टलवर पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ आणि शिकागोतला पत्ता टाकून चेक-इन करायचं. त्यावरून डीएसओ सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणक नोंदणीत) तुमची नोंद सक्रिय करतात. अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत ती झाली नाही तर तुमचा एफ-१ दर्जाच धोक्यात येतो. वर्गात रोज हजर राहून भागत नाही. वर्गात बसणं वेगळं, सेव्हिसमध्ये नोंद असणं वेगळं.

पत्ता बदलला की १० दिवसांत विद्यापीठाला कळवायचा. बहुतेक जण आधी मित्राकडे, मग भाड्याच्या घरी असे दोन महिन्यांत दोनदा हलतात आणि दुसऱ्यांदा कळवायचं विसरतात. सामान हलवण्याच्या दिवशीच पोर्टल उघडा.

याच आठवड्यात यू-पास, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, घ्या. शिकागोतल्या अनेक विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या फीमध्येच याचे पैसे धरलेले असतात आणि सत्र चालू असेपर्यंत सीटीएच्या (शहराच्या वाहतूक सेवेच्या) बस आणि ‘एल’ म्हणजे शहरी रेल्वेच्या गाड्यांना हा पास चालतो. उपनगरांत जाणाऱ्या मेट्रा गाड्यांना तो चालत नाही आणि सत्र संपलं की बंद होतो. सुट्टीत व्हेंट्रा या प्रवासाच्या कार्डावर पैसे भरावे लागतात.

> तपासा : चेक-इन पूर्ण झाल्याचा ईमेल आला का? विद्यार्थी पोर्टलवर ‘होल्ड’ (नोंदणी रोखल्याची खूण) दिसतोय का? होल्ड बहुतेक वेळा लसींचा किंवा फीचा असतो, त्यावर क्लिक केलं की कारण कळतं.

## टप्पा ४ : बँक खातं, एसएसएनची वाट न बघता

एसएसएनशिवाय खातं उघडत नाही हा गैरसमज फार पसरलेला आहे. ऑनलाइन अर्जात एसएसएनचा रकाना सक्तीचा असतो, त्यातून तो आला असावा. शाखेत प्रत्यक्ष गेलात तर पासपोर्टवर खातं उघडून देणाऱ्या बँका कॅम्पसच्या आसपास सापडतातच. बरोबर पासपोर्ट, आय-२०, विद्यापीठाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. घर मिळालं नसेल तर विद्यापीठाकडून पत्त्याचं पत्र मिळतं का ते विचारा.

‘स्टुडंट चेकिंग’ (विद्यार्थ्यांचं रोजच्या व्यवहाराचं खातं) असं स्पष्ट म्हणा. साध्या खात्यात ठरावीक शिल्लक नसेल तर दर महिन्याला पैसे कापले जातात. खातं उघडल्यावर रूटिंग नंबर (बँकेचा क्रमांक) आणि अकाउंट नंबर लिहून घ्या, पगार जमा व्हायला आणि भाडं भरायला दोन्ही लागतात. एसएसएन आला की शाखेत जाऊन खात्याला जोडायचा, नवं खातं उघडायची गरज नाही.

## टप्पा ५ : घर

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतात बसून, फक्त फोटो बघून, अनोळखी माणसाला झेलवर (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची इथली सेवा) डिपॉझिट पाठवू नका. झेलने गेलेले पैसे रोखीने दिल्यासारखे असतात, हातातून सुटले की परत येणं जवळपास अशक्य. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ असं घरमालक म्हणाला की बोलणं तिथेच थांबवा. पहिले दोन-तीन आठवडे ओळखीच्या कोणाकडे किंवा विद्यापीठाच्या तात्पुरत्या निवासात राहून घर डोळ्यांनी बघणं केव्हाही स्वस्त पडतं.

घर बघायला जाताना रात्री एकदा त्या रस्त्याने स्थानकापर्यंत चालून बघा. दुपारी सगळेच रस्ते बरे दिसतात, नोव्हेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो.

सही करण्याआधी करारात हे शोधा :

१. तारखा. इथे महिना आधी, दिवस नंतर. ०९/०५ म्हणजे ५ सप्टेंबर, ९ मे नाही.

२. डिपॉझिट की मूव्ह-इन फी? शिकागोत बरेच मालक डिपॉझिटऐवजी मूव्ह-इन फी घेतात. ती परत मिळत नाही. दोन घरांची तुलना करताना ही रक्कम बारा महिन्यांत विभागून भाड्यात मिळवा, मग खरं भाडं कळेल.

३. हीटिंग कोणाकडे? ‘हीट इन्क्लूडेड’ असेल तर भाडं थोडं जास्त असलं तरी चालेल. नसेल तर जानेवारीतलं गॅसचं बिल आधीच्या भाडेकरूला विचारून घ्या.

४. जबाबदारी एकत्र की वेगवेगळी? चौघांनी मिळून एकच करार केला आणि एक जण अर्ध्यात सोडून गेला, तर सहसा त्याच्या वाटणीचं भाडं उरलेल्या तिघांना भरावं लागतं. खोलीगणिक वेगळा करार मिळाला तर तो घ्या.

५. सबलेट, म्हणजे पोटभाड्याने देणं. मे महिन्यात इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात जाणार असाल तर हा मुद्दा आत्ताच महत्त्वाचा आहे. शहराच्या भाडेकरू अध्यादेशानुसार मालकाला योग्य पोटभाडेकरू नाकारता येत नाही. मात्र मालक स्वतः राहत असलेल्या सहा किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतींना हा अध्यादेश लागू नाही.

क्रेडिट स्कोअर नाही म्हणून मालक अडून बसला तर आय-२०, बँकेचं पत्रक आणि कर्जमंजुरीचं पत्र दाखवा. तरीही सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत असेल तर दुसरं घर बघा.

किल्ली मिळाल्यावर सामान आत नेण्याआधी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. भिंतीवरचे डाग, चुलीचे चारही बर्नर, खिडकीच्या कड्या, सिंकखालचा पाइप, फ्रिजच्या दाराचं रबर. त्याच दिवशी तो मालकाला ईमेल करा. डिपॉझिट दिलं असेल तर घर सोडल्यावर ४५ दिवसांत ते परत करणं अध्यादेशानुसार बंधनकारक आहे, आणि वाद झालाच तर हा ईमेल कामी येतो.

मग पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवा. एवढंसं काम आहे, पण नाव नसलेल्या पेटीत पोस्टमन पत्र टाकीलच असं नाही, आणि डेबिट कार्डापासून एसएसएनच्या कार्डापर्यंत सगळं पोस्टानेच येतं.

> सावधान : महिनाअखेरीला इमारतींमागच्या गल्लीत चांगले सोफे आणि गाद्या टाकलेल्या दिसतात. लाकडी टेबल उचला, गादी कधीच नाही. ढेकूण घरात शिरले तर काढायला महिने जातात. ढेकणांची नुसती शंका आली तरी मालकाला लगेच लेखी कळवा.

> सावधान : गळ्यात ओळखपत्र अडकवून दारात येणारे आणि ‘तुमचं विजेचं बिल दाखवा, दर कमी करून देतो’ म्हणणारे लोक दुसऱ्या वीज किंवा गॅस पुरवठादाराचे विक्रेते असतात. बिल दाखवू नका. त्यावरचा खाते क्रमांक मिळाला की तुमचा पुरवठादार बदलता येतो आणि पुढे दर वाढतात.

## टप्पा ६ : कॅम्पसवरचं काम आणि एसएसएन

इथला क्रम उलटा धरला जातो. एसएसएन आधी आणि नोकरी नंतर, असं नाही. आधी नोकरी, मग एसएसएन.

१. कॅम्पसवर काम मिळवा : ग्रंथालय, कँटीन, टीए (अध्यापन साहाय्यक), आरए (संशोधन साहाय्यक), काहीही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. दोन कामं असतील तर दोन्हीचे तास मिळून २०.

२. काम देणाऱ्या विभागाकडून नियुक्तीचं पत्र घ्या. ते पत्र डीएसओंना देऊन त्यांचं पत्र घ्या.

३. देशात येऊन १० दिवस आणि सेव्हिसमध्ये नोंद होऊन किमान दोन दिवस होऊ द्या. त्याआधी गेलात तर तुमची नोंद तिथल्या संगणकात दिसत नाही आणि फेरी वाया जाते.

४. अपॉइंटमेंट घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात जा. पासपोर्ट, आय-२०, आय-९४ आणि दोन्ही पत्रं, सगळं मूळ प्रतीत. फी नसते. काम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी हा अर्ज घेत नाहीत.

५. पावती जपा. क्रमांक यायच्या आधीही काम सुरू करता येतं, विद्यापीठाचं पगार कार्यालय पावती मागेल.

कार्ड आलं की त्यावरचं नाव तपासा, क्रमांक पाठ करा आणि कार्ड फाइलमध्ये ठेवून द्या. पाकिटात ठेवायची वस्तू नाही ती.

पगाराची पहिली पावती आली की ‘सोशल सिक्युरिटी’ आणि ‘मेडिकेअर’ या दोन ओळी शोधा. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे हे दोन्ही कर लागत नाहीत, तिथे शून्य हवं. शून्य नसेल तर लगेच पगार कार्यालयात जा, वर्षअखेरीपर्यंत थांबू नका.

> सावधान : कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय एक तासही काम नको. दुकानात रोखीने, मित्राच्या खात्यावरून जेवण पोचवणं, ‘नुसती मदत’ म्हणून पैसे घेऊन काउंटरवर उभं राहणं, सगळं यात येतं. दर्जा गेला की आई-बाबांनी काढलेल्या कर्जाचा डोंगर आणि अर्धवट पदवी एवढंच हातात उरतं.

> सावधान : इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून गांजा कायदेशीर आहे. तो राज्याचा कायदा. व्हिसा केंद्र सरकार देतं, आणि केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हाच आहे. दुकानातून विकत घेणंही टाळा.

## टप्पा ७ : आजारी पडण्याआधी

विम्याचं कार्ड पोर्टलवरून उतरवून फोनमध्ये ठेवा. कुठे जायचं हेही आधीच ठरवा : ताप, खोकला, पोट बिघडलं तर विद्यापीठाचं आरोग्य केंद्र. ते बंद असेल तर अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ तातडीच्या आजारांचा दवाखाना. छातीत दुखणं, मोठा अपघात, श्वास लागणं यासाठी इमर्जन्सी आणि ९११. साध्या तापाला इमर्जन्सीत गेलात तर बिल बघून दुसरा ताप येईल. कुठेही जाण्याआधी विम्याच्या संकेतस्थळावर ते ठिकाण ‘इन-नेटवर्क’ (विमा कंपनीशी करार असलेलं) आहे का ते बघा. दातांचा आणि डोळ्यांचा विमा बहुतेक वेळा वेगळा असतो, म्हणून दातांची कामं भारतातूनच उरकून या आणि चष्म्याची एक जादा जोडी आणा.

## टप्पा ८ : स्वयंपाकघर आणि थंडी

किराणा सामानासाठी डेव्हन अ‍ॅव्हेन्यू. रेड लाइनच्या लोयोला स्थानकावरून १५५ नंबरची बस तिथे जाते. पोहे, साबुदाणा, डाळी सगळं मिळतं. गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला मात्र घरचाच आणा.

फोडणीचं एक तंत्र शिकून घ्या. इथल्या घरात धुराचा अलार्म चुलीपासून हातभर अंतरावर असतो आणि मोहरी तडतडून मिरची पडली की तो कोकलायला लागतो. तेल तापायच्या आधी पंखा आणि खिडकी उघडा, आच मध्यम ठेवा, मिरची घातली की लगेच झाकण. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. इथली जुनी घरं आतून लाकडी असतात, आणि चौघे झोपलेले असताना तोच अलार्म जीव वाचवतो.

थंडीचे कपडे भारतातून आणू नका. पुण्या-मुंबईत मिळणारं जाकीट इथल्या ऑक्टोबरला पुरतं, जानेवारीला नाही. ३० जानेवारी २०१९ला ओ’हेअरवर उणे ३१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. दरवर्षी तसं होत नाही, पण पाणी न शिरणारे बूट, आतले थर्मल, कान झाकणारी टोपी आणि वारा अडवणारं जाकीट ऑक्टोबरअखेर घरात हवं. आधी बूट घ्या, पाय ओले झाले की बाकी कपड्यांचा उपयोग नाही.

घर गार पडत असेल तर गप्प बसू नका. मालकाकडे हीटिंगची जबाबदारी असेल तर १५ सप्टेंबर ते १ जून या काळात दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २० आणि १९ सेल्सिअस, तापमान ठेवणं शहराच्या नियमानुसार सक्तीचं आहे. खोलीत थर्मामीटर ठेवून फोटो काढा, मालकाला लेखी कळवा आणि दाद दिली नाही तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर तक्रार करा.

## टप्पा ९ : जानेवारी ते एप्रिल, कर

पगार मिळाला असेल तर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, येईल. भरायचं विवरणपत्र आहे अनिवासींसाठीचं १०४०-एनआर, आणि त्याबरोबर फॉर्म ८८४३ (विद्यार्थी म्हणून इथे राहिलेल्या दिवसांची माहिती). अमेरिकन मित्र वापरतात त्या मोफत अ‍ॅपवर साधा १०४० भरला जातो. तो रहिवाशांसाठी आहे, नव्याने आलेल्या एफ-१ विद्यार्थ्याने तो भरणं चूक. विद्यापीठ अनिवासींसाठीचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा मोफत किंवा सवलतीत देतं, ते मागून घ्या.

भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१मुळे स्टँडर्ड डिडक्शन (करपात्र उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, म्हणून चिनी किंवा कोरियन मित्राचं विवरणपत्र बघून आपलं भरू नका. इलिनॉयचं विवरणपत्र वेगळं भरायचं असतं, तिथे कराचा दर सरसकट ४.९५ टक्के आहे.

पगाराचं विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत. एक डॉलरही कमाई झाली नसेल तरी फॉर्म ८८४३ भरावाच लागतो, त्याची मुदत १५ जून. हा फॉर्म एकटा असेल तर पोस्टाने पाठवा, सही करायला विसरू नका, पोस्टातून पाठवल्याची पावती घ्या आणि पावतीसकट एक प्रत आय-२०च्या फाइलमध्ये लावा. पुढे कधी ग्रीन कार्डाचा अर्ज केलात तर या वर्षांचे कागद मागितले जाऊ शकतात.